घडीतली सुपारी

दत्तू,

काल बाजारचा दिवस होता, तुझं तेरावं उरकल्यानंतरचा पहिला. मी दुकान उघडलं, गादीवरची चादर झटकली, उदबत्ती ओवाळली आणि तासाभरात तुझ्या बाजूने पैज लावून हरलो. कसा हरलो ते शेवटी सांगेन. तू असतास तर म्हणाला असतास, "बाबू, नाटक पुरे, सरळ सांग." नाही सांगणार. जन्मभर तू माझ्या गोष्टींचा शेवट आधीच ओळखलास आणि ऐन टाळीच्या जागी खोकलास. आज तुला खोकता येणार नाही. एवढी एक सवलत तरी मला मिळू दे.

हायस्कुलात तुझी शोकसभा झाली. हेडमास्तर तुला 'विज्ञानाचे निष्ठावंत उपासक' म्हणाले. या उपासकाच्या चपलेचा अंगठा कायम तुटलेला असायचा आणि तो तांब्याच्या तारेने बांधून ते प्रयोगशाळेत फिरायचे, हे त्यांनी सांगितलं नाही. मग मला बोलायला उभं केलं. समोर खच्चून भरलेला हॉल, झेंडूचा वास, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. असा मोका मी उभ्या हयातीत सोडलेला नाही. जत्रेच्या नाटकातला कपटी प्रधान मरायला पाव तास घेतो, कारण तो मी असतो. आणि त्या दिवशी मी टेबल धरून उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि शब्दच येईना. लोकांना वाटलं, बाबूशेठ गहिवरले. गहिवरलो होतोच. पण खरं सांगू? मला तुझ्याशी बोलायचं होतं आणि तिथे सगळे दुसरेच बसले होते. म्हणून हे लिहितोय.

आपला वाद सुरू झाला तो एका लुगड्यावरून. बाजारच्या दिवशी तुझी शाळा सकाळची असायची. दुपारी तू दुकानात येऊन कोपऱ्यातल्या गठ्ठ्यावर बसायचास. ऊन टाळायला येतो म्हणायचास. एकदा वाडीवरची एक बाई आली. मी लुगड्यांचा ढीग तिच्यापुढे ओतला. "ह्ये लई भडक हाय." "ह्याचा काठ बारीक हाय." "ह्ये माझ्या जावंकडं हाय, ते नगंच." अर्धं दुकान उतरवून झालं आणि शेवटी तिने डाळिंबी घेतलं. जाताना म्हणाली, "ह्याचं सूत दमदार हाय, म्हनून घेतलं."

ती गेल्यावर तू गठ्ठ्यावरून पुढे सरकलास. "बाबू, ती उंबऱ्यातून आत आली ना, तेव्हाच तिचा हात त्या डाळिंबी लुगड्यावर गेला होता. मग बाकीचा तमाशा कशासाठी होता?"

"याला खरेदी म्हणतात, मास्तर. माणूस विचार करून घेतं."

"घेतलं आधी. विचार नंतर केला. आणि सुताचं कारण तर सगळ्यात शेवटी सापडलं."

मी हसण्यावारी नेलं. पुढच्या बाजारी तू खिशात एक सुपारी घेऊन आलास. वहिनींच्या देवघरातली, पूजेची, गोल गरगरीत. आणि तिथून आपला खेळ सुरू झाला. गिऱ्हाइकाचा हात पहिल्यांदा ज्या लुगड्यावर पडेल, ते मी पसारा आवरल्यासारखं करून तुझ्याकडे सरकवायचं. तू गुपचूप त्याच्या घडीत सुपारी सारायचास आणि ते पुन्हा ढिगात ढकलायचास. बाईने पसंत केलं की फाटकं-डागाळलं नाही ना हे दाखवायला मी घडी मोडायचो. सुपारी टुणकन गादीवर पडली की तू जिंकलास, भजी मी मागवायची. नाही पडली की मी जिंकलो, भजी तू. दत्तू, त्या काळात मी गावाला भजी घातली असती तर मला पुण्य तरी लागलं असतं. सगळी तुझ्या पोटात गेली.

बायका विचारायच्या, "शेठ, ही सुपारी कशाची वो?"

मी दोन्ही हात जोडून, डोळे मिटून, प्रधानाच्या आवाजात म्हणायचो, "देवीचा कौल आहे बाई! हे लुगडं तुमच्या नावानेच विणलं होतं!" बाजारात आवई उठली की आमच्या लुगड्यांत देवीची सुपारी निघते. माझा धंदा वाढला. तू कपाळाला हात लावलास. "मी अंधश्रद्धा घालवायला मास्तर झालो आणि तुझ्यामुळे नवीन एक गावाला लावून बसलो."

मग आपण चेकाळलो. एकाच गठ्ठ्यातली, एका रंगाची, एका काठाची दोन लुगडी आपण शेजारी शेजारी मांडून ठेवली. जुळ्या बहिणी. आणि बायकांना म्हटलं, "बघा, कोणतं चांगलं?" बहुतेकींनी उजव्या हाताकडचं उचललं. आणि कारणं काय काय! "ह्याचं पोत मऊ हाय." "ह्याचा रंग जानार न्हाई." एकीने तर डाव्या लुगड्याला नाकाने वास घेऊन नापास केलं. मी काउंटरखाली तोंड लपवून हसत होतो. तू हसत नव्हतास. तुझ्या डोळ्यांत असं काही दिसत होतं की जणू त्या बायांनी तुला फार मोलाची वस्तू दाखवली.

"त्या खोटं बोलत नाहीत, बाबू. त्यांना खरंच पोत मऊ लागलं. डोकं आतल्या आत ठरवून टाकतं आणि वर कळवतच नाही. मग आपण आपल्याच निर्णयाला कारणं शोधत बसतो. आणि शोधलेलं कारण आपल्याला खरं वाटतं, ही त्यातली मौज."

"अडाणी बायांचं सोड. मी असं करत नाही."

"तू रोज घरून दुकानात चावडीच्या गल्लीने का येतोस? सरळ रस्ता तर वेशीकडून आहे."

"त्या गल्लीत सावली असते."

"पावसाळ्यात?"

"चिखल कमी असतो."

"उन्हाळ्यात सावली, पावसाळ्यात चिखल. थंडीत काय असतं?" मग तूच शांतपणे सांगितलंस, "त्या गल्लीत पारावर चार म्हातारे बसतात आणि तू दिसलास की 'आले प्रधानजी!' म्हणून ओरडतात. म्हणून जातोस."

मी दुसऱ्या दिवशी हट्टाने वेशीकडून आलो. कुणी ओरडलं नाही. दिवसभर धंद्यात लक्ष लागलं नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा चावडीच्या गल्लीत. तू दुकानाच्या पायरीवर उभा राहून वाट बघत होतास, दुष्ट माणसा.

त्याच सुमाराला तू ते वाक्य उच्चारलंस, ज्याच्यावरून आपण पुढे जन्मभर भांडलो. मी चिडून म्हणालो होतो, "सगळं जर डोकंच आतल्या आत ठरवतं, तर मग मी कोण?"

"तू प्रेक्षक. खेळ आत चाललाय, तू समोर बसून बघतोयस. आणि वाटतं मात्र असं की मीच काम करतोय."

मी आणि प्रेक्षक! दत्तू, मी गावातल्या लग्नातसुद्धा पाहुण्यांत बसत नाही, आचाऱ्याशेजारी उभा राहून आरोळ्या देतो. तू मला कमअस्सल म्हणाला असतास, चोर म्हणाला असतास तरी चाललं असतं. मी सांगितलं, "नट आहे मी. आत कुणी असला तर तो माझा नोकर." तू म्हणालास, "नोकर असता तर तुला विचारून हात हलवला असता." मी भजी मागवली.

याच हट्टापायी तू भैरोबाच्या गोट्याच्या मागे लागला होतास. गावाबाहेर टेकडीवर भैरोबाचं ठाणं, त्याच्यापुढे तो काळा, गुळगुळीत, कलिंगडाएवढा गोटा. गोट्यापुढे बसायचं, दोन्ही तळवे त्याच्यावर ठेवायचे, प्रश्न विचारायचा. गोटा उजवीकडे फिरला तर देवाचा होकार, डावीकडे फिरला तर नकार. हललाच नाही तर देव अजून विचार करतोय. लग्न ठरवायचं, विहीर खणायची, बैल घ्यायचा, सगळे जायचे. तू जाऊन काय केलंस? विचारणाऱ्या माणसाचे कान फेट्याने करकचून बांधले आणि प्रश्न दुसऱ्याला विचारायला लावला. गोटा ढिम्म. तू विजयी मुद्रेने जमलेल्यांकडे पाहिलंस. "बघा! माणसाला प्रश्न कळला नाही, तर गोटा फिरत नाही. म्हणजे गोटा फिरवणारा माणूसच."

मागून आवाज आला, "मास्तर, ज्याचं कान बांधल्यात त्याला देव तरी काय सांगनार?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने तू. टेकडी उतरताना मला म्हणालास, "पण ती माणसं लबाडी करत नाहीत, बाबू. हात फिरवतात, पण आपण फिरवतोय हे त्यांना कळत नाही. मनात जे आधीच ठरलंय, ते हातातून बाहेर येतं. फार हुशारीचं यंत्र आहे ते. स्वतःच्या मनातलं काढून घ्यायला माणसाने केलेलं."

आणि मग गेल्या वर्षी, दुष्काळाच्या तोंडावर, तुझ्या हातून खडू पडला.

एकदा पडला तेव्हा पोरं हसली. पुन्हा पुन्हा पडायला लागला. फळ्यावरची ओळ खाली घसरत जायला लागली. एके दिवशी दुकानात तू हिरव्या लुगड्याकडे बोट करून म्हणालास, "ते... ते... पाटी दाखव." मी हसलो. मला वाटलं, गंमत करतोयस. तू हसला नाहीस. तू स्वतःच्या तोंडाकडे असा लक्ष देऊन होतास, जसा आमच्या गिऱ्हाइकांच्या हातांकडे असायचास.

पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांकडे आपण तिघे गेलो, तू, वहिनी आणि मी. डोक्यात डाव्या बाजूला गाठ निघाली. वहिनींनी विचारलं, "पण डॉक्टरसाहेब, बिघाड तर उजव्या हातात आहे." त्या अवस्थेतही तुझ्यातला मास्तर जागा झाला. "इंदू, डावं डोकं उजवा हात चालवतं, उजवं डोकं डावा." मी म्हणालो, "आमच्या घरच्यासारखं आहे वहिनी. हुकूम माजघरातून सुटतो आणि हलतो ओसरीवरचा माणूस." डॉक्टरसुद्धा हसले. मग त्यांनी हसू आवरलं आणि सांगितलं. गाठ बोलण्याच्या जागेला चिकटून आहे. काढली नाही, तर हातात थोडे महिने आहेत. त्यात बोलणं हळूहळू जाईल, मग शुद्धही. काढली, तर आणखी काही काळ मिळेल, कदाचित बऱ्यापैकी. पण बोलणं तिथल्या तिथे जाऊ शकतं. आणि टेबलावरून उठण्याचीही हमी नाही. "विचार करा आणि कळवा," म्हणाले.

परतताना एस्.टी.त तू खिडकीशी बसला होतास. "बघ बाबू, काय अडचण आहे. गाठ ज्या डोक्यात आहे, त्याच डोक्याने तिचा निकाल लावायचा. आरोपीलाच न्यायाधीश करून बसवलंय."

वहिनींनी मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. तुमच्या लेकीचं, शालनचं लग्न ठरत आलं होतं. मुलाकडचे पुढच्या उन्हाळ्यावर अडून होते. तेवढे महिने तुझ्या हातात नव्हते. तू लग्नाबद्दल एक अक्षर काढलं नाहीस, त्यांनीही नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. कोरडी रानं मागे पळत होती. मी असतो तर काय केलं असतं, ते मला ठाऊक होतं. बोलणं जाणार असेल तर मी जगण्यालाच नको म्हटलं असतं. मुक्या नटाला कोण विचारतं?

दोन-तीन दिवसांनी भर दुपारी तू दुकानात आलास आणि म्हणालास, "चल, भैरोबाला जाऊ. कौल घ्यायचाय."

मला वाटलं, गाठ वाढली.

टेकडीवर कुणी नव्हतं. गुरवसुद्धा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला होता. खाली चारा-छावणीतली जनावरं हंबरत होती. तू गोट्यापुढे मांडी घातलीस. उजवा हात आपणहून वर येईना, तो मी उचलून ठेवला. तू मला बजावलंस, "देवाला विचारत नाहीये. माझ्या डोक्याने काय ठरवलंय ते बघतोय. ते मला सांगत नाहीये." मग डोळे मिटलेस आणि मोठ्याने विचारलंस, "ऑपरेशन करायचं का?"

गोटा थोडा थांबला. आणि डावीकडे फिरला. चांगला फिरला, घरघरत.

मी घाईघाईने म्हणालो, "हा कौल धरायचा नाही, दत्तू. तुझा उजवा हात दुबळा आहे, डाव्याने ओढला म्हणून फिरला. पुन्हा घे."

"नाही. कौल बरोबर आहे." तू डोळे उघडलेस. "मला नकोच आहे ते. मला भीती वाटते, बाबू. टेबलावर मरायची नाही एवढी. उठलो आणि शब्द नसले तर, त्याची."

मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढ्या वर्षांत तू मला 'भीती' हा शब्द ऐकवला नव्हतास. मी म्हणालो, "मग राहू दे. नको जाऊस."

तू गोट्यावरून हात काढलेस, डाव्या हाताने उजवा उचलून मांडीवर ठेवलास आणि म्हणालास, "जाणार आहे. इंदूला सांग, पुण्याची तयारी कर म्हणावं."

"अरे, आत्ताच तर नको म्हणालास!"

"ते डोकं म्हणालं. त्याचं म्हणणं ऐकून घेतलं."

दत्तू, तो क्षण! मला रडू येत होतं आणि त्याच वेळी माझ्यातला खट्याळ सैतान उडी मारून उभा राहिला. मी भैरोबासमोर नाचायचा तेवढा बाकी होतो. "सापडलास! मास्तर, सापडलास! डोकं नको म्हणालं, मग हो म्हणतोय तो कोण? तुझ्या हिशेबात तर आत फक्त एक प्रेक्षक बसला होता! प्रेक्षक कधीपासून नाटक बदलायला लागला?"

तू तोंड उघडलंस. मिटलंस. आणि हसत सुटलास. तुझं ते हसणं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "खरंच की रे. कोण आहे हा?" मग म्हणालास, "ऑपरेशन झाल्यावर सांगतो."

उत्तर उधार ठेवून तू गेलास आणि परत आलास तेव्हा तुझ्याकडे एकच शब्द उरला होता. "बरं."

पाणी हवं तरी बरं, नको तरी बरं. राग आला तरी बरं. मी पहिल्यांदा भेटायला आलो तेव्हा तू माझ्याकडे बघून ओठ हलवलेस, माझं नाव शोधलंस, ते कुठेच सापडेना, आणि तू हळू आवाजात म्हणालास, "बरं." मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला डोकं टेकलं. वहिनी मागे आल्या. "भावजी, असं करू नका. त्यांना सगळं कळतं." मी मान हलवली, पण मला खात्री नव्हती. मला वाटत होतं, शब्दांबरोबर तूही गेलास आणि आम्ही एका ओळखीच्या चेहऱ्याची सेवा करतोय.

ही खात्री मला तूच करून दिलीस. एका बाजारच्या दिवशी शालन तुला हाताला धरून दुकानात घेऊन आली. तू गठ्ठ्यावर बसलास. एक बाई लुगडी बघत होती. मी सवयीने एक बाजूला सरकवलं, आणि काही वेळाने घडी मोडली, तर सुपारी टुणकन गादीवर पडली! तू डाव्या हाताने, न बोलता, बरोबर ओळखून घातली होतीस. मी तुझ्याकडे बघितलं. तू भुवया उंचावून म्हणालास, "बरं?" त्यात अख्खं वाक्य होतं. 'भजी कुठे आहेत?'

त्या दिवसापासून मी तुझ्या 'बरं'चा शागीर्द झालो. एका शब्दात इतक्या भूमिका मला जन्मात जमल्या नसत्या. रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीची लाल भाकरी ताटात आली की एक 'बरं', हेडमास्तर आले की दुसरं, ते उठून गेले की तिसरं. दुष्काळाने गिऱ्हाईक तुटलं होतं, त्यामुळे वादाला वेळच वेळ होता. मी तुला छळायचो, "काय मास्तर, उत्तर राहिलंय. भैरोबापुढे हो म्हणाला तो कोण?" तू हसून "बरं" म्हणायचास. मी म्हणायचो, "हे उत्तर नाही." तू पुन्हा "बरं."

मग शालनच्या लग्नाचा बस्ता आला. दुष्काळातलं लग्न, मोजकी माणसं, पण नवरीची साडी माझ्या दुकानातूनच. मी ठेवणीतल्या साऱ्या साड्या काढल्या. शालन आली, गादीवर बसली आणि तिचा हात थेट मोरपंखीवर गेला. नुसता गेला नाही, तिथे राहिला. मी मनात म्हटलं, संपलं. एवढी वर्षं लुगडी विकून मला एवढं कळतं. मी मोरपंखी तुझ्याकडे सरकवली.

तू सुपारी घातली नाहीस. मोरपंखी तशीच परत ढकललीस आणि अंजिरी साडीकडे बोट केलंस. मी म्हणालो, "दत्तू, चुकतोयस. पोरीचा हात बघ कुठे आहे." तू ऐकेनास. अंजिरीच्या घडीत सुपारी सारलीस.

वहिनी मागे बसल्या होत्या. त्यांनी काही निवडलं नाही. फक्त ती अंजिरी साडी ढिगात वर आली तेव्हा त्यांनी पदराच्या कडेवरून एकदा हात फिरवला आणि काढून घेतला. बस्स, एवढंच. शालनने मोरपंखी खांद्यावर टाकून बघितली, आरशात बघितलं, खूप वेळ बघितलं. मग खाली ठेवली.

"काका, ती अंजिरी द्या."

"पोरी, तुला तर ही..."

"आईला अंजिरी आवडतो," ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली. "तिच्या लग्नात तिला हवी होती तशी. मिळाली नव्हती. आता मी नेसले की ती बघेल."

मी घडी मोडली. सुपारी गादीवर पडली आणि घरंगळत तुझ्या गुडघ्यापाशी गेली. तू ती उचललीस, माझ्याकडे बघितलंस, मग शालनकडे, मग सुपारीची मूठ स्वतःच्या छातीवर ठेवलीस. आणि म्हणालास, "बरं."

ते उत्तर होतं, दत्तू. मला कळलं. कळलं तेव्हा माझ्या हातात साडी तशीच उलगडलेली राहिली. हात आपला आपण जातो, तू म्हणायचास तसाच. तो मोरपंखीवर जातो, गोटा डावीकडे फिरवतो. पण क्वचित कधी माणूस दुसऱ्याच्या हाताकडे बघतं आणि आपला हात उचलून घेतं. भैरोबापुढे तू कुणाच्या हाताकडे बघत होतास, हे मी तेव्हा विचारलं नाही. एस्.टी.त वहिनींनी मांडीवर घट्ट धरून ठेवलेली पिशवी मला आठवली. शालनचं लग्न आठवलं. तुझ्या डोक्याला बोलायचं होतं, तुला उरायचं होतं.

यावर तू म्हणाला असतास, "माया हीसुद्धा डोक्यातच असते, बाबू. दुसरी गाठ समज." आणि मी म्हणालो असतो, "असेना का, पण तिला कापायला कोण धजतो?" आणि भज्यांची आणखी एक प्लेट आली असती. हे भांडण राहून गेलं. मी ते तुझ्या वतीनेही भांडतो आता. दोन्ही बाजूंची वाक्यं मीच म्हणतो, दुकानात कुणी नसताना. तुझी वाक्यं जास्त चांगली पडतात, याचा मला राग येतो.

लग्न झालं. सासरी निघताना शालन तुझ्या पाया पडली आणि तू तिच्या डोक्यावर डावा हात ठेवून "बरं" म्हणालास. मांडवात भाषणं करणारे पुष्कळ होते. त्या एका शब्दावर सगळा मांडव रडला. त्यानंतर तू फार थांबला नाहीस.

तुझे आभार मानायचे राहिले. तू जन्मभर मला प्रेक्षक म्हणालास आणि मी चिडत राहिलो. पण त्या दिवशी टेकडीवर, तू गोट्यावरून हात उचललेस तेव्हा, रंगभूमीवर तू होतास आणि समोर मी एकटा. इतकं मोठं काम मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. मी टाळी वाजवायला हवी होती. मी वाद घालत बसलो.

आता कालची गोष्ट.

सकाळी एक म्हातारी आली, बरोबर सून, सुनेच्या काखेत पोर. म्हातारी खडीच्या कामावरून चार पैसे गाठीला बांधून आली होती. "शेठ, लुगडं दावा. काळं नगं, पांढरं नगं, लई भडकबी नगं."

"आजी, मग उरलं काय?"

"ते तुमी सांगा. दुकान तुमचं हाय."

मी ढीग ओतला. तिचा हात निळ्यावर गेला. मी कोपऱ्याकडे बघितलं. गठ्ठा रिकामा. तुझी सुपारी वहिनींनी मला देऊन ठेवली आहे. ती मी काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या बाजूने खेळलो. निळ्याच्या घडीत सारली. मनात म्हटलं, दत्तू, आज तुला जिंकून देतो.

सून खांबाला टेकून उभी होती. फक्त तिची नजर राघू रंगाच्या, पोपटी हिरव्या लुगड्यावर गेली आणि तिने ती पोराच्या झबल्याकडे वळवली. म्हातारीने निळं हातात धरलं होतं. तिने सुनेकडे बघितलं. निळं खाली ठेवलं.

"ते हिरवं बांधा."

"आजी, तुम्हाला निळं आवडलं होतं ना?"

"हळू बोला की वो. मला काय करायचंय, माझं हाय अजून धडकं. तिला घेते. पर तिला सांगू नगा, डोक्यावर बसंल." आणि मग मान वळवून मोठ्याने सुनेला म्हणाली, "अगं, निळ्याचा रंग जातो म्हंत्यात शेठ. म्हनून हिरवं घेतलं. तुलाच वापराय लागंल आता, मला न्हाई शोभायचं."

आपल्या दुकानात कारणं खूप ऐकली आपण, दत्तू. सगळी खोटी, आणि सांगणारीला ती खरी वाटायची. हेही कारण खोटं होतं. पण या वेळी म्हातारीला ते पक्कं ठाऊक होतं. माझ्या निळ्या लुगड्याची भर बाजारात बदनामी झाली आणि मी मान डोलावून म्हणालो, "हो हो, फार जातो रंग."

त्या गेल्या. तुझ्या बाजूने लावलेली पैज मी हरलो आणि इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. मी एकट्यासाठी भजी मागवली. निळं लुगडं घडी न मोडता वरच्या फळीवर ठेवून दिलंय. सुपारी आतच आहे.

गोष्ट संपली, दत्तू. ही तुझी खोकायची जागा. मी थांबलोय.